करारात कोणती महागाई लिहायची? आपला सीपीआय, कामगारांचा सीपीआय-आयडब्ल्यू की युरोपचा एचआयसीपी

मागच्या आठवड्यात वाळूजहून मामेभावाचा फोन आला. एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी मशिनं, चौदा माणसं, स्टीलचे आणि पितळेचे बारीक सुटे भाग. आता एका जर्मन खरेदीदाराशी तीन वर्षांचा करार व्हायचा आहे आणि मसुद्यात एक ओळ आलीय: दर युरोत ठरतील, आणि दरवर्षी युरो क्षेत्राच्या एचआयसीपीप्रमाणे बदलतील.

"दादा, ही एचआयसीपी काय भानगड हाय? आपला सीपीआय लिहा म्हणलं, तर ते म्हणायलेत तुमचा आकडा आमच्याशी जुळत नाही. आणि इकडं पोरं म्हणायलेत की औंदा पगारवाढ महागाई धरून द्या. कोणती महागाई धरू?"

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरातले असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. फोनवर तासभर बोललो तरी मनासारखं सांगून झालं नाही, म्हणून हे लिहून काढलं. प्रश्न त्याचा असला तरी भाडेकरार करणारा, पतसंस्थेत पगारकरार ठरवणारा किंवा निर्यात करणारा कुणीही कधीतरी याच जागी येतो. आणि याच्या मागे मोठा प्रश्न आहेच: देशाने महागाईचा आकडा जगाशी जुळेल असा काढावा, की आपल्याला सोयीचा?

आधी ओळख करून देतो. एचआयसीपी म्हणजे हार्मोनाइज्ड इंडेक्स ऑफ कन्झ्युमर प्रायसेस. आमच्या आजोबांच्या वेळी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, आणि बाजाराच्या दिवशी भांडणं त्यावरूनच होत. युरोपात महागाईच्या आकड्यांचं तसंच होतं. एक देश घराच्या कर्जाचं व्याज धरायचा, दुसरा धरत नव्हता. पुढे युरो आणायचं ठरलं आणि अट पडली की सर्वांत कमी महागाईच्या तीन देशांपेक्षा कोणाची महागाई दीड टक्क्याहून जास्त नसावी. मग पायली एक करणं भागच पडलं. १९९५ साली नियम झाला, १९९७ पासून आकडे निघू लागले. आज युरोपची मध्यवर्ती बँक जे दोन टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवते ते याच आकड्यावर.

आपला सीपीआय म्हणजे सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास जाहीर करतं तो ग्राहक किंमत निर्देशांक. ग्रामीण, शहरी आणि दोन्ही मिळून एकत्रित असे त्याचे तीन आकडे असतात. रिझर्व्ह बँकेचं चार टक्के, वर-खाली दोन टक्के, हे गणित त्यातल्या एकत्रित आकड्यावर चालतं. सीपीआय-आयडब्ल्यू हा तिसरा. तो कामगार मंत्रालयाचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांच्या घरखर्चावरून, देशभरातल्या ८८ केंद्रांतून काढतो. केंद्र सरकारी नोकराच्या महागाई भत्त्याचा पाया तोच.

शेतमजुरांचा आणखी एक आहे, सीपीआय-एएल. त्याचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीचा आकडा १०० धरून पुढचं मोजतात ते, १९८६-८७ हेच वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि २०२५ च्या मध्यावर कुठे ते २०१९ झालं. मामेभावाच्या प्रश्नात तो येत नाही, म्हणून इथेच सोडतो.

घर धरायचं की नाही

या सगळ्यांत मोठी फट घराशी पडते. एचआयसीपीचा मूळ नियम असा की घरांनी प्रत्यक्ष पैसे मोजून जे विकत घेतलं तेवढंच मोजायचं. भाडेकरू भाडं देतो, ते धरलं. पण स्वतःच्या घरात राहणारा माणूस कुणाला भाडं देत नाही, तेव्हा त्याचं काही धरायचं नाही. 'तुमचं घर भाड्याने असतं तर किती दिलं असतं' हे काल्पनिक भाडं युरोपने बाहेर ठेवलं. त्यावर तिथेच कुरकुर आहे. २०२१ साली युरोपच्या मध्यवर्ती बँकेनेही स्वतःच्या घराचा खर्च टप्प्याटप्प्याने आत घ्यावा अशी शिफारस केली.

अमेरिकेत याच्या अगदी उलट. तिथल्या निर्देशांकात मालकाच्या घराचं काल्पनिक भाडं एकटंच सुमारे पाव वजन घेऊन बसतं. त्यामुळे 'अमेरिकेत महागाई इतकी, युरोपात तितकी' असं पेपरात वाचलं की मी आधी विचारतो, घर धरून की घर सोडून?

आपल्याकडे २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराला २१.६७ टक्के भारांक, म्हणजे वजन, होता. ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला काहीच नव्हता. खेड्यात कोण भाड्याने राहतं, असा त्यामागचा हिशेब. आता लातूरला या. शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावची पोरं येतात, गल्लीगल्लीत एका खोलीत तिघं-तिघं राहतात, मेसचा डबा लावतात. त्यांच्या आईबापांची महागाई खोलीभाड्यात आणि डब्यातच असते, आणि ती मंडळी राहतात खेड्यात. त्या मालिकेत असा एक खर्च दोन्ही निर्देशांकांच्या मधोमध पडायचा.

मामेभावाच्या चौदा माणसांपैकी नऊ जण बजाजनगर, रांजणगावात भाड्याने राहतात. त्यांच्यासाठी घरभाडं सोडून काढलेला आकडा अर्धाच. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

घरची ज्वारी आणि रेशनचा गहू

पैसे मोजले तेवढंच धरायचं, हा नियम मराठवाड्यात आणला की मजा येते.

माझ्या सासुरवाडीला, परभणीच्या बाजूला, वर्षाची ज्वारी घरच्या रानातली. कणगीतून काढायची, दळायची, भाकरी करायची. पैसा कुठे हलतच नाही. आपल्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत या ज्वारीलाही शेतावरचा भाव लावून ती खर्चात धरतात. एचआयसीपीच्या चौकटीत ती शून्य. जर्मनीत घरची बटाटी खाणारा थोडाच असेल, तिथे फरक पडत नाही. इथे पडतो. ज्वारीचा भाव दुप्पट झाला तर कणगीवाल्या घराला महागाई लागली का? खाणारा म्हणून नाही लागली. विकणारा असता तर उलट फायदाच झाला असता. म्हणून हा नियम तसा चुकीचाही म्हणवत नाही. पण तो लावला की खेड्यातल्या खर्चातलं अन्नाचं वजन घटतं, आणि भाकरीवर जगणाऱ्या घराचा आकडा साबण, मोबाइल रिचार्ज आणि पेट्रोलकडे झुकतो.

रेशनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट २०१५ पासून राज्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ मिळायचा. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात, असं ठरलं. पुढे ते १७० झाले. आता निर्देशांकाच्या डोळ्यांनी बघा. दोन रुपयांचा गहू बंद झाला, घर तोच गहू बाजारभावाने घेऊ लागलं. किंमत कितीतरी पट वाढली. आणि ते १५० रुपये? ते उत्पन्न. किंमत निर्देशांकाला उत्पन्नाशी देणंघेणं नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने पाहिलं तर या घराला जबर महागाई झाली. घरातली बाई म्हणेल, "धान्य गेलं अन् पैसे आले, बाकी काय बदललं? बँकेत हेलपाटे तेवढे वाढले."

अंत्योदय आणि प्राधान्य कार्डांचं याच्या उलट. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. एचआयसीपीच्या रीतीने ज्या महिन्यात किंमत शून्यावर आली त्या महिन्यात उतार दाखवायचा, आणि पुढच्या वेळी भारांक ठरवताना ते धान्य यादीतच नाही, कारण पैसाच मोजला नाही. लाखो घरांच्या ताटातलं धान्य असं आकड्यांतून निघून जातं. तुलनेसाठी नियम स्वच्छ हवेत हे मला पटतं. पण हे नियम करताना अंत्योदयचं कार्ड कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं.

भारांक शिळे किती

इथे मात्र मी युरोपच्या बाजूने. एचआयसीपीचे भारांक दरवर्षी बदलतात आणि वर्षांची साखळी जोडत जातात. आपण २०११-१२ च्या खर्च पाहणीवरचे भारांक पार २०२५ संपेपर्यंत वापरले. त्यात अन्न आणि पेयांना ४५.८६ टक्के, आणि नुसता ग्रामीण घेतला तर ५४.१८. मधल्या काळात माणसांचा खर्च बदलला. २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातल्या घरखर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांच्या जरा वर आला, शहरात ३९ च्या. म्हणजे बरीच वर्षं टोमॅटो महागला की आपला आकडा गरजेपेक्षा जास्त उडायचा आणि टोमॅटो स्वस्त झाला की गरजेपेक्षा जास्त पडायचा. युरो क्षेत्रात दारू-तंबाखू धरूनही अन्नाचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास असतो. एकाच पावसाने दोन्हीकडची भाजी सारखी महागली, तरी आकडे सारखे हलणार नाहीत.

सरासरी काढायची पद्धतही महत्त्वाची आहे, पण ती एका उदाहरणात उरकतो. दोन भाजीवाले. एकाचा टोमॅटो ४० वरून ८०, दुसऱ्याचा ८० वरून ४०. एक दुप्पट, एक निम्मा. साधी सरासरी काढली तर दोन अधिक अर्धा भागिले दोन, म्हणजे सव्वा. २५ टक्के महागाई! गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घेतली, म्हणजे दोन गुणिले अर्धा करून वर्गमूळ काढलं, तर उत्तर एक, महागाई शून्य. बाजारात झालंय काय ते तुम्हीच सांगा. एचआयसीपीने ती साधी सरासरी वर्ज्य केली. आपल्या सीपीआयमध्येही भूमितीय सरासरीच आहे. ब्रिटनचा आरपीआय हा जुना किरकोळ किंमत निर्देशांक मात्र साध्या सरासरीलाच धरून राहिला, त्याची कथा पुढे येते.

आणि या सगळ्या सूत्रांच्या मुळाशी एक माणूस वही, हल्ली टॅब, घेऊन दुकानात उभा असतो. ओळखीच्या किराणा दुकानात मी हे पाहिलंय. त्याच्या यादीत तूरडाळ, सुटी, अमुक प्रतीची. दुकानदार म्हणाला, "ती डाळ आता येत नाही, ही घ्या, पॉलिशची." भाव किलोमागे दहा रुपये जास्त. हे दहा रुपये महागाईचे की पॉलिशचे? तो माणूस पेन थांबवून क्षणभर डाळीकडे बघत राहिला. एचआयसीपीत अशा बदलीसाठी नियम लिहून ठेवले आहेत, आपल्याकडेही आहेत. पण त्या क्षणी दुकानात गिऱ्हाईकं खोळंबलेली असतात आणि दुकानदाराला हा माणूस लवकर जायला हवा असतो.

एकाच महिन्यात दोन्ही आकडे

मामेभावाला तत्त्वज्ञान नको होतं, आकडे हवे होते. मग चार महिने काढून दिले. मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना केलेली वाढ.

डिसेंबर २०२०: आपला सीपीआय ४.५९ टक्के, युरो क्षेत्राचा एचआयसीपी उणे ०.३. ऑक्टोबर २०२२: आपला ६.७७, त्यांचा १०.६. जुलै २०२३: आपला ७.४४, त्यांचा ५.३. ऑक्टोबर २०२५: आपला ०.२५, त्यांचा २.१.

त्याने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "मग एचआयसीपीच बरा की!" पहिली ओळ नीट वाच म्हणालो. उणे ०.३ म्हणजे करारातल्या ओळीप्रमाणे त्याला दर कमी करावा लागला असता, आणि त्याच महिन्यात इथे साडेचार टक्क्यांची महागाई होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिकडचा आकडा चढला तो युक्रेन युद्धानंतरच्या गॅस आणि विजेने. त्यात या वर्कशॉपचं वीजबिल काही वाढलं नव्हतं. जुलै २०२३ चा आपला आकडा भाज्यांचा, त्यात एकट्या भाज्यांची वाढ ३७ टक्क्यांवर होती. लेथला भाजी लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ चा ०.२५ तर बघण्यासारखा. त्या मालिकेतला तो नीचांक. त्याच्याच एक महिना आधी मराठवाड्यात अतिवृष्टीने रानं वाहून गेली, सोयाबीन पाण्यात कुजलं, आणि जे वाचलं त्याला ५,३२८ रुपयांच्या हमीभावाच्या खाली बाजार मिळाला. देशाचा आकडा खाली आला तो भाज्या-डाळींच्या भावांच्या उतारामुळे, जीएसटीच्या कपातीमुळे आणि आदल्या वर्षीच्या चढ्या भावांशी तुलना झाल्यामुळे. पेपरात 'महागाई आटोक्यात' असा मथळा होता. ग्राहक किंमत निर्देशांक ग्राहकाचाच असतो, हे ज्या भागात प्रत्येक ग्राहकाच्या घरात एक शेतकरी आहे तिथे फार टोचतं.

मग युरोतल्या कराराला एचआयसीपी नको का? तसं नाही. दर युरोत असेल तर युरोचीच महागाई लावणं तिकडचा व्यवहार आहे, त्यात फसवणूक नाही. दीर्घ मुदतीत आपली महागाई त्यांच्याहून जास्त राहिली तर रुपया घसरतो, आणि युरोत मिळालेले पैसे इथे जास्त रुपये होतात. अडचण वेळेची आहे. रुपया पुढच्या वर्षी घसरेल, पगार या महिन्याला द्यायचा असतो. आणि खरं सांगायचं तर यातला कुठलाच आकडा स्टीलचा भाव मोजत नाही. ग्राहकाच्या पिशवीवरून लेथचा खर्च ठरवणं हाच मुळात जुगाड आहे, फक्त सर्वमान्य.

माझी स्वतःची चूक

कामगारांच्या करारात सीपीआय-आयडब्ल्यू लिही म्हणालो, पण त्यात मी स्वतः एकदा हात पोळून घेतलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांचा करार मी लिहून दिला होता. 'निर्देशांक ३०० च्या वर गेल्यास प्रत्येक अंकामागे इतके रुपये भत्ता.' पायाभूत वर्ष लिहिलं नाही. लिहायची गरजच वाटली नाही, कारण २००१=१०० ची मालिका सगळ्यांच्या तोंडात होती.

ऑगस्ट २०२० चा आकडा ३३८ होता. सप्टेंबर २०२० पासून पायाभूत वर्ष २०१६ झालं आणि आकडा आला ११८. संस्थेच्या कारकुनाने कराराचं वाक्य उघडलं, ११८ हे ३०० च्या खाली आहेत असं पाहिलं आणि भत्ता बंद केला. कागदाप्रमाणे त्याचं बरोबर होतं! सरकारने जोड-गुणक दिला होता, २.८८. ११८ ला २.८८ ने गुणलं की ३४० च्या जवळ येतं, म्हणजे जुन्या मापाने निर्देशांक ३३८ वरून दोन अंकांनी वाढलाच होता. हे व्यवस्थापनाच्या गळी उतरवायला दोन महिने गेले. वर आणखी एक गोम: नव्या मालिकेतला एक अंक म्हणजे जुने जवळपास तीन अंक. 'प्रत्येक अंकामागे' अशी भाषा ठेवली तर भत्ता तिपटीने कमी होतो. तेव्हापासून मी अंक लिहीतच नाही, टक्के लिहितो.

हीच वेळ आता सीपीआयवर आली आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४=१०० ही नवी मालिका आली. दोनशेच्या जवळ गेलेला आकडा पुन्हा शंभराच्या आसपास. ज्यांनी भाडेकरारात नुसतं 'सीपीआय' लिहून ठेवलंय त्यांनी कपाटातला कागद काढून बघावा.

सीपीआय-आयडब्ल्यूच्या बाजूने माझं मत का? त्यात घराला १६.८७ टक्के आणि अन्न-पेयांना ३९.१७ टक्के भारांक आहे, आणि पाहणी कामगार कुटुंबांची आहे. बजाजनगरच्या भाडेकरूला तो सीपीआयपेक्षा आणि एचआयसीपीपेक्षा कितीतरी जवळचा. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की किमान वेतनावरचा विशेष भत्ता शासन जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा जाहीर करतं. तो निर्देशांकावरूनच ठरतो आणि तिथे मालकाला निवड नाही. करार करायचा तो त्याच्या वर.

देशाने काय करावं

मामेभावाचा दुसरा प्रश्न होता, "आपल्याकडं एचआयसीपी का नाही?"

यात देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. ब्रिटनने २००३ च्या डिसेंबरात सरळ अदलाबदल केली. जुन्या आरपीआयवर आधारलेलं अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट सोडलं, युरोपच्या एचआयसीपीला सीपीआय असं नाव दिलं आणि त्यावर दोन टक्के उद्दिष्ट ठेवलं. मध्यवर्ती बँकेचं काम सोपं झालं. पण सरकारी रोखे, विद्यार्थी कर्जं, रेल्वेची भाडी जुन्या आरपीआयलाच बांधलेली राहिली. २०१३ मध्ये आरपीआयचा अधिकृत दर्जा काढून घेतला तरी तो मेला नाही, कारण करारात त्याचं नाव होतं. आता २०३० मध्ये तो मालकाचं घर धरणाऱ्या दुसऱ्या निर्देशांकाशी जुळवून घेणार आहेत. अदलाबदल एका दिवसात झाली, निस्तरायला सत्तावीस वर्षं लागणार.

जर्मनी दोन्ही आकडे काढते. तिथल्या घरमालक-भाडेकरूंच्या कामाला देशी निर्देशांक, युरोपशी तुलनेला एचआयसीपी. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही २००८ पासून आपल्या निर्देशांकाशेजारी एचआयसीपी छापतं. अमेरिकेने अधिकृत आकड्याला हात न लावता, संशोधनापुरता, एचआयसीपीच्या रीतीने आपला आकडा काढून पाहिला. स्वतःचं घर वगळलं आणि ग्रामीण माणसं आत घेतली.

आपण काय केलंय? नव्या २०२४ च्या मालिकेत वस्तूंची वर्गवारी संयुक्त राष्ट्रांच्या कॉयकॉप २०१८ प्रमाणे लावली, भारांक २०२३-२४ च्या खर्च पाहणीवर आणले. अन्न-पेयांचं वजन त्यामुळे ३७ टक्क्यांच्या जवळ उतरलं. म्हणजे डबे जगाचे, डब्यात माल आपला. मला ही वाट पटते. कोणता खर्च कोणत्या कप्प्यात, हे जुळलं की तुलना करणारा माणूस त्याला नको ते कप्पे काढून स्वतःचा हिशेब मांडू शकतो. त्यासाठी घरची ज्वारी आणि स्वतःच्या घराचं भाडं कायमचं बाहेर टाकायची गरज नाही.

पण त्यापुढे जाऊन जर्मनीसारखा दुसरा आकडाही काढावा, अशा मताचा मी आहे. भाव तर टिपलेच आहेत, भारांक आहेत, वर्गवारी आता आहे. पैसे मोजले तेवढंच धरून, स्वतःचं घर वगळून, परदेशी पर्यटकाचा इथला खर्च आत घेऊन एक सारणी वेगळी छापायची. एचआयसीपी त्या देशाच्या हद्दीत झालेला खर्च मोजतो, मग करणारा कुठलाही असो. वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या जपानी माणसाचं संभाजीनगरातलं हॉटेलबिल त्यात बसतं. जुना आकडा हलवायचा नाही, म्हणजे कुणाचा करार मोडणार नाही. उद्या युरोपशी व्यापाराच्या वाटाघाटीत 'तुमचा आकडा जुळत नाही' हे वाक्य ऐकावं लागणार नाही. त्याच बैठकीत भारांक दर तीन-चार वर्षांनी बदलायचंही ठरवून टाकावं. चौदा वर्षं फार होतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न यातल्या कुठल्याच आकड्याने सुटत नाही. बीडमधल्या तांड्यावर दिवाळीनंतर पाहणीवाला गेला तर दारांना कुलपं, आणि कारखान्याच्या तळावर जी माणसं आहेत ती त्या गावच्या यादीत नाहीत. हद्दीतला सगळा खर्च मोजायचा हे एचआयसीपीचं तत्त्व कागदावर त्यांना आत घेतं. पण घरखर्चाची पाहणी शेवटी दारावरच थांबते.

शेवटी काय लिहिलं

जर्मन करारात आम्ही एचआयसीपी राहू दिला. त्यापुढे लिहिलं: युरो क्षेत्र, सर्व वस्तू, वार्षिक सरासरी, युरोस्टॅटने, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, प्रसिद्ध केलेली. 'उणे आल्यास शून्य धरावा' हे वाक्य घातलं. पायाभूत वर्ष बदलल्यास टक्केवारीतली वाढच ग्राह्य. स्टील आणि पितळ या कलमाबाहेर काढलं, त्याचा भाव तिमाहीला वेगळा. खरेदीदाराने स्टीलवर थोडी घासाघीस केली, बाकी मान्य केलं.

कामगारांच्या करारात अखिल भारतीय सीपीआय-आयडब्ल्यू, बारा महिन्यांची सरासरी, टक्क्यांत, शासनाच्या विशेष भत्त्याची वजावट करून. मामेभावाला राज्याचा सीपीआय हवा होता, "निदान महाराष्ट्राचा तरी." राज्याचा आकडा निघतो हे खरं, पण त्यात मुंबईही आली आणि परभणीही, आणि वाळूजचा भाडेकरू दोन्हीसारखा नाही. कामगार म्हणून काढलेला आकडाच घेऊ, असं त्याला पटवलं.

काल त्याचा पुन्हा फोन आला. कागद पोरांपुढे ठेवला होता. त्यातला एक सगळं वाचून म्हणाला, "सायेब, हे बारा महिन्याची सरासरी म्हणजे खोलीभाडं जूनमधी वाढलं तर आम्हाला पुढच्या सालीच मिळणार ना?"

हो, पुढच्या सालीच. ते मामेभावाला सांगता आलं नाही, म्हणून रविवारी मलाच जावं लागणार आहे.